इकडील सर्व खुशाल नाही

असोद्यात माझ्याइतका खरं बोलणारा माणूस दुसरा सापडणार नाही. हे गेली चाळीस वर्षं मी स्वतःच सगळ्यांना सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला तयार होत नाही. शाळा चौथीपर्यंत. (चौथीत दोनदा बसलो, म्हणून मी ती पाचवीच धरतो.)

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. आमच्याकडं वर्ष फिरतं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सालदार त्या दिवशी नवा ठरतो, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात. आमची यशोदा साक्रीला दिलेली. आखाजी पंधरा दिवसांवर आली की तिच्या सासऱ्यांना, गिरधर नानांना, मी पत्र टाकतो. इकडील सर्व खुशाल, यशोदेस पाठवावे. दरसाल तेच. त्या वर्षी अंतर्देशीय पत्र मांडीवर घेतलं आणि डोक्यात किडा वळवळला. सर्व खुशाल कुठाय? एकदा तरी आखाजी ते आखाजी, खरं काय झालं ते लिहून टाकू. व्याही माणूस, दोन घटका हसेल.

मग काय विचारता! जीभ बाहेर काढून लिहीतच सुटलो. आमचा मुलगा झुलाल दीपनगरला विजेच्या कारखान्यात नोकरीला. तो दिवाळीला घरी आला, ऐटीत फ्यूज बदलायला गेला आणि अख्खी गल्ली दोन दिवस अंधारात बसवली. लोकांनी पणत्या लावल्या, दिवाळी चांगली दिसली. लिहिलं. मागच्या आखाजीनंतर धुरपदाबाईनं (म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं) घराच्या सपाट धाब्यावर ओल्या कापडाच्या धडप्यांवर दीडशे बिबड्या घातल्या होत्या. ज्वारीचे पापड, वर्षभराची बेगमी. शेजारच्या खातूनबीची बकरी वर चढली आणि तिनं शंभर तुडवल्या. तेव्हापासून या दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. तेही लिहिलं.

जागा संपली तशी कडेकडेनं उभ्या ओळीत लिहिलं, आणि तिथंच माझा घात झाला. गणपतीच्या दिवसांत नाना आमच्याकडं आले होते. धुरपदाबाईनं दोन कप चहा आणला. एक चांगला, एक कान तुटलेला. नाना साधा माणूस, त्यांनी आपणहून कान तुटका उचलला आणि चांगला माझ्यापुढं सरकवला. माझा चहा फक्कड. नानांनी मात्र पहिल्या घोटाला डोळे मिटले ते कप संपल्यावरच उघडले. "झकास," म्हणाले. ते गेल्यावर बशीतला उरलेला चहा मी चाखला. समुद्र! मी पत्रात लिहिलं, "आमची मंडळी जळगावहून आणलेला चष्मा झिजेल म्हणून पेटीत ठेवते, त्यामुळं साखरेच्या जागी मीठ पडलं. तुम्ही झकास म्हणालात, तेव्हापासून आम्ही आठवण काढून हसतो." (आम्ही म्हणजे मी एकटाच.) एकाच कपात मीठ कसं पडलं, हा प्रश्न काही चौथी पासाच्या डोक्यात आला नाही.

पत्र पेटीत पडलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. उघडं पोस्टकार्ड, म्हणजे पोस्टमननं वाचलेलं, पारावर वाचलेलं, शेवटी माझ्या हातात. दोनच ओळी. यशोदा या आखाजीला येणार नाही. आमच्याकडं चहा गोड असतो, तो पिऊन ती इथंच राहील.

धुरपदाबाईनं लिंबाला झोका बांधून ठेवला होता. नवा दोर, स्वतः जळगावच्या बाजारात ओढून पाहून घेतलेला. गल्लीतल्या लेकी यायला लागल्या होत्या, समोरच्या भिकुबाईच्या तर तिघी आल्या. आमचा झोका रिकामाच हलत होता. तिनं सगळं पोस्टकार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग माझं पत्र काय होतं ते विचारून घेतलं. ती मूळची धुळ्याकडची, तिला राग आला की अहिराणी येते, आणि फार राग आला की आवाज बारीक होतो. त्या दिवशी आवाज ऐकूच येईना.

"पोरले लई या," ती म्हणाली. "नही ते तठेच ऱ्हा."

झालो मुराळी, निघालो लेकीला आणायला. असोदा ते जळगाव, जळगाव ते धुळे, धुळ्याला गाडी बदलून साक्री. डोळ्यांसमोर सारखा तो रिकामा झोका. आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या, पण लेकीचा सण खाऊन बसलो हे पहिल्यांदाच. व्याह्यांच्या दारात पाय ठेवताना मी इतका गरीब झालो होतो की त्यांचं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

नाना ओसरीवर बसले होते. पाणी दिलं, चहा दिला. (मी आधी वास घेतला. गोड होता.) दाराआडून यशोदा डोकावली. तिच्या पायाशी बांधलेली पेटी दिसली, तेव्हा जरा जीव आला. मी हात जोडले, म्हटलं नाना, चुकलो, पण लबाडी केली नाही, जे झालं ते खरं लिहिलं.

नानांनी माझं पत्र खिशातून काढून मांडीवर पसरलं.

"आबा, हाई बठ्ठं खरं शे?"

"अगदी बठ्ठं, सगळंच्या सगळं," मी म्हणालो.

नाना आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही घेऊन आले. उघडलं तर एक बिबडी. वाळून खडखडीत झालेली, आणि तिच्यावर टाचेचा ठसा. ठशात तीन खिळ्यांची तीन भोकं. नानांची आणि दाराआडच्या यशोदेची नजर खाली वळली, तशी माझीही वळली. माझी डावी चप्पल. टाचेला तीन खिळे. ठोकून दिले होते जळगावच्या मोच्यानं, चांगले मजबूत.

"बकरीना पायले खिळा ऱ्हातस का?" नानांनी विचारलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. बिबड्या घातल्या तो दिवस रविवार होता. टीव्हीवर चित्राऐवजी मुंग्या आल्या, घरात गल्ली जमलेली, मी धाब्यावर अँटेना फिरवायला. खालून ओरडत होते, "आलं, आलं... गेलं!" मी डावीकडं सरकलो, उजवीकडं सरकलो, पायाखाली गार लागतंय हे कळलं तोवर शंभर बिबड्या झाल्या होत्या. शेजारच्या धाब्यावर बकरी होती. ती काही बोलणार नव्हती. धुरपदाबाईनं मला शब्दानं विचारलं नाही, फक्त उरलेल्या बिबड्यांच्या डब्यात तळाशी ही एक घालून डबा लेकीला पाठवला होता.

नानांनी पेन पुढं केलं. राहिलेलं लिही, मग लेक ने, एवढीच अट. मी त्याच पत्रावर, होती नव्हती तेवढ्या जागेत, बकरी निर्दोष आहे असं लिहून सही केली. खाऱ्या चहाबद्दल नाना म्हणाले की मीठ त्यांना पहिल्याच घोटाला कळलं होतं. विहीणबाईंचा मान राहावा म्हणून प्यायले. मला ते ऐकून फार लाज वाटली. (बस धुळ्याला पोचेपर्यंत.)

आखाजीच्या आदल्या दिवशी यशोदा झोक्यावर बसली आणि धुरपदाबाईचा आवाज एकदम मोठा झाला. गल्लीभर हाका, सांजोऱ्यांची ताटं, नुसता कल्ला! मी तेवढ्या खुशीत खातूनबीच्या दारात जाऊन बकरीची माफी मागितली. खातूनबी तोंडावर पदर धरून हसायला लागली. म्हणाली, भाभीनं (म्हणजे धुरपदाबाईनं) बिबड्या तुडवल्या त्याच संध्याकाळी चपलेची गोष्ट सांगितली होती, वर डझनभर बिबड्याही दिल्या होत्या. वर्षभर दोघी रोज मागच्या दारानं गप्पा मारत होत्या आणि मी दिसलो की तोंडं फिरवत होत्या.

मी घरी आलो. हरलो, पण एका बाबतीत तरी माझा हात वर होता. म्हटलं, धुरपदा, मी लिहून दिलं. आता तूही कबूल कर, चष्मा न लावता तू व्याह्याच्या चहात मीठ टाकलंस.

तिनं झोक्याला एक धक्का दिला, आणि माझ्याकडं वळली.

"चष्मा व्हता मना डोयावर. मीठ मोजीसन टाकं. अन् माले सांगा, आपला घरमा कान तुटेल कप कोना शे?"