सीतारामबुवांची पेज

सीताराम घाडीच्या नाकाला मुंबई मानवली नाही, यात मुंबईचा काही दोष नव्हता. एवढ्या लाखो नाकांना मानवते, एकट्या सीतारामच्या नाकाची ती काय पर्वा करणार? मिलच्या रंगखात्यात वर्षानुवर्षं काढल्यावर त्या नाकानं एके दिवशी संप पुकारला. रंगाचा वास आला की शिंक. ब्लीचिंगच्या पिंपाचं झाकण उघडलं की धाप. चाळीच्या संडासात फिनेल पडलं की अंगभर पित्ताच्या गांधी. घरमालकानं ढेकणांवर औषध फवारलं, तेव्हा तर तो इतका सुजला की डिलाईल रोडवरच्या त्याच्याच खोलीत त्याला कुणी ओळखेना. (खोलीत गाववाले चौदा. एका माणसाची जागा वाचत असेल, तर ओळख दाखवतो कोण?)

शेवटी तो परळच्या मोठ्या इस्पितळात गेला. डॉक्टरनं त्याला उलटापालटा करून तपासला.

"तुमच्या शरीराला ही रसायनं सोसेनाशी झालीत. रंगखातं सोडा. आणि जेवण एकदम साधं ठेवा. पेज, उकडलेला दुधी, मुगाचं पाणी. मसाला, तळण, मासळी सगळं बंद. ताकद आली की एकेक जिन्नस वाढवू. एक सोसला तर पुढचा."

"किती दिवस, साहेब?"

"ते तुमचं शरीर सांगेल."

(सीतारामचं शरीर सगळं शिंकूनच सांगत असे, हे डॉक्टरला ठाऊक नव्हतं.)

रंगखातं सुटलं. मुकादमानं कुरकुर करत त्याला घडीखात्यात टाकलं. आता प्रश्न उरला गंगुबाईचा.

गंगुबाईची खाणावळ चाळीच्या तळमजल्यावर, तिच्या राहत्या खोलीतच होती. बायका-पोरं गावी ठेवून आलेले गिरणीतले गडी संध्याकाळी तिथं पंगतीला बसत. सीतारामची लक्ष्मी देवगडला सासू आणि दोन म्हशी सांभाळत होती. मिलच्या खडखडाटात त्याच्याशी दिवसभर कुणी बोलत नसे, आणि खोलीत बोलायला जावं तर रातपाळीवाले झोपलेले. माणसांत बसायचं ते काय या पंगतीतच. त्याच्या शेजारी दगडू बसायचा. हा दगडू रोज न चुकता सीतारामच्या ताटातला बोंबलाचा तुकडा उचलायचा, सीताराम त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि सगळी पंगत खिदळायची. उभ्या दिवसात सीतारामशी इतक्या आपुलकीनं दुसरं कुणी वागत नसे.

अशा पंगतीत जाऊन गंगुबाईला सांगायचं की बाई, तुझं कालवण मला डॉक्टरनं बंद केलंय? मागं एकानं नुसतं "आज जरा तिखट झालंय" म्हटलं होतं. "मग आवशीकडे जाऊन जेव!" म्हणून तिनं त्याचा पाट उचलून भिंतीला उभा केला, तो कायमचा. सीतारामला डॉक्टरची भीती नव्हती, मरणाचीही फारशी नव्हती. भीती होती ती पाट उचलला जाण्याची. मग त्यानं जिना उतरता उतरता एक युक्ती काढली. नेम आहे म्हणून सांगायचं! देवाधर्माच्या नेमापुढं कोकणातली बाई चकार शब्द काढत नाही.

"काय रे, जेवक नको तुका?" वाटीवर त्यानं हात आडवा धरलेला पाहून गंगुबाईनं पळी वरच्यावर थांबवली.

"नेम आहे, बाई. नुसती पेज."

"कसलो नेम?"

झालं! नेम कसला, हे त्यानं ठरवलंच नव्हतं. बाहेर रस्त्यावरून त्याच वेळी मोर्चा चालला होता आणि घोषणांनी खोलीतली भांडी थरथरत होती.

"हे काय विचारणं झालं, बाई?" दगडू म्हणाला. "सगळी मुंबई आज कशासाठी ओरडतेय? मुंबईसकट संयुक्त महाराष्ट्र झाल्याबिगर हा अन्नाला शिवणार नाय! काय रे सीताराम, खरं ना?"

सीताराम "नाही" म्हणणारच होता. पण तेवढ्यात चुलीवर मिरचीची फोडणी पडली, त्याच्या नाकात वणवा पेटला आणि अशी शिंक आली की हनुवटी छातीला टेकली. भर पंगतीत त्यानं होकारार्थी मान डोलावलेली सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली.

गंगुबाईनं पदर डोळ्यांना लावला. दगडूनं हात धुतला आणि वाकून चक्क त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून सीतारामचा पाट हलला. ज्या गोष्टीला तो भीत होता, तीच झाली, फक्त मानानं झाली. "नेमाचा माणूस, तेका खरकट्यात कसा बसवायचा?" म्हणत गंगुबाईनं त्याला समोरच्या भिंतीशी, महाराजांच्या तसबिरीखाली बसवलं. पुढ्यात पेज. समोर सगळी पंगत मान खाली घालून मुकाट जेवतेय. नेम धरलेल्या माणसापुढं चावट बोलायचं कसं, बोंबील चोखायचा कसा? दगडू त्याला आता "बुवा" म्हणे आणि "आपण" म्हणे. खोलीतल्या गाववाल्यांनीही त्याच्या वळकटीभोवती हातभर जागा सोडली. पूर्वी पाय लांब करायची सोय नव्हती. आता पाय चारी दिशांना पसरले असते, पण "सरक की रे मेल्या" म्हणायला कुणी नव्हतं, आणि सीतारामला त्या शिवीची फार आठवण येई.

खरं सांगून टाकावं, असं त्याच्या रोज मनात येई. पण लोकांनी या महाराष्ट्रासाठी छातीवर गोळ्या झेललेल्या. आणि आपण नाकासाठी पेज पितोय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? शरमेनं तो पेज आणखी पातळ करून मागे. लोक म्हणत, बघा, बुवांनी नेम कडक केला!

पुढं एक दिवस डॉक्टर खूश झाला. "वा! एकेक करून सगळं सोसलं तुम्हाला. आता भाकरी खा, भाजी खा, ताजी मासळीही खा."

सीताराम उड्या मारतच इस्पितळाबाहेर पडला आणि फाटकापाशी मट्‌कन खाली बसला. डॉक्टरनं सोडलं होतं, पण महाराष्ट्र कुठं झाला होता?

(लांब दादरला जाऊन, जिथं आपल्याला काळं कुत्रं ओळखत नाही अशा हॉटेलात त्यानं एकदा बांगडा मागवायचा प्रयत्न केला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "अरेच्चा, डिलाईल रोडचे बुवा! तुम्ही इथं?" सीताराम दोन ग्लास पाणी पिऊन परत आला.)

त्या दिवसापासून चळवळीला सीतारामसारखा कार्यकर्ता मिळाला नाही. शिवाजी पार्कच्या सभेत तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसे, आणि "झालाच पाहिजे!" ही आरोळी त्याच्या पोटाच्या अगदी तळातून निघे. आजूबाजूचे लोक चकित होऊन बघत. त्यांना नुसती मुंबई हवी होती. सीतारामला मुंबई हवी होती आणि बोंबीलही.

आणि खरंच, साठ सालच्या मे महिन्याच्या एक तारखेला महाराष्ट्र झाला! चाळीवर दिवे लागले, ढोल वाजले, माणसं रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडली. चाळीतले समितीवाले अप्पा धावत आले. "बुवा, नेम फेडायचा! थाटात!"

थाट तर झालाच. दारात ताज्या तेलरंगानं रंगवलेली कमान, आत उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटवलेला, कानात अत्तराचा फाया, गळ्यात निशिगंधाचा हार आणि वरून मूठमूठ गुलाल. गंगुबाईनं त्याचा पाट स्वतःच्या हातानं उचलून पुन्हा दगडूशेजारी मांडला आणि बोंबलाचं कालवण वाढलं. सीतारामनं पहिला घास घेतला. दुसरा घ्यायला हात खाली नेला, तो तुकडा जागेवर नाही! दगडू चोखत होता.

"तुझ्या आयला तुझ्या, दगड्या!" सीताराम ओरडला.

पंगत पोट धरधरून हसली. सीतारामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. परत आलो, असं त्याला वाटलं, आपल्या माणसांत परत आलो. (थोडं पाणी त्याचं होतं. बाकीचं गुलालाचं.) मग शिंका सुरू झाल्या. मग धाप. भात वाढेपर्यंत बुवांचं तोंड भोपळ्याएवढं झालं.

"काय खाल्लंत?" इस्पितळात डॉक्टरनं विचारलं.

"बोंबील. पण त्याचा दोष नाही, साहेब. बोंबील सोसला. सत्कार नाही सोसला."

"ते काही असो. पुन्हा पेजेपासून सुरुवात."

सूज उतरल्यावर सीताराम खाणावळीत आला, तर त्याच्या जुन्या जागेच्या पलीकडं दौलत नावाचा एक नवा गडी बसला होता.

"बाई," दौलत पहिल्याच दिवशी बिनधास्त म्हणाला, "पोटात जखम हाय. डाक्टरनं तिखट बंद केलंय. दूधभात मिळंल?"

सीतारामनं डोळे मिटून घेतले. आता याचा पाट भिंतीला!

"मिळात तर! सांगूक लाजतंस कशाक?" गंगुबाई म्हणाली. "बस थयंच. बोंबील तेवढो वाढतंय, दगडू खायत."

आणि पंगत हसली. एवढंच होतं? इतके दिवस आपण भिंतीशी बसलो, ते एवढ्या एका वाक्यासाठी? बस्स, आज सांगायचंच. तो दगडूशेजारी बसला, वाटीवर हात आडवा धरला आणि म्हणाला, "बाई, मला पण नुसती पेज. त्याचं असं आहे, की..."

दगडूचा घास हातातच राहिला. "परत पेज? आता तर मुंबई मिळाली!" मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "बाई! बेळगाव राहिलं की आपलं! बुवा, बेळगावसाठी ना?"

"नाही रे, अरे, मला..."

गंगुबाईनं देवापुढं उदबत्ती लावली, आणि सीतारामची हनुवटी छातीला टेकली.

गंगुबाईनं त्याचा पाट उचलून तसबिरीखाली नेऊन मांडला. दगडूनं हात जोडले, मग वळून दौलतच्या ताटातला बोंबील उचलला.

बऱ्याच वेळानं भिंतीकडून बारीक आवाज आला, "दगडू, बेळगावचं कधीपर्यंत होईल रे?"

"होईल की, बुवा," दगडू बोंबील चोखत म्हणाला. "फार तर दिवाळी!"