पास्त्याऐवजी भोपळा

माणसाला जे आवडतं ते मानवत नाही आणि जे मानवतं ते आवडत नाही, हा सृष्टीचा नियम आहे. या नियमातून पळवाट म्हणून माणसाने 'पर्याय' नावाची गोष्ट शोधून काढली. पर्याय आवडतही नाही आणि मानवतोच असंही नाही. पण आपण तब्येतीसाठी काहीतरी करतोय, असं वाटत राहतं.

नोंदणी कार्यालयातल्या हेडक्लार्कांना बायकोच्या हातचा रविवारचा पास्ता जीव की प्राण होता. दोन बशा संपवून ते तिसरीकडे अशा अलिप्तपणे हात न्यायचे, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा आहे. मग एके दिवशी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि "पास्ता बंद," असा दोन शब्दांत निकाल दिला. (ते दोन शब्द ऐकायला दोन तास बसावं लागलं होतं.)

हेडक्लार्क डगमगले नाहीत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ते एक गोष्ट पक्की शिकले होते : काम जमत नसेल तर त्याचं नाव बदलावं. ते रोपवाटिकेत गेले. तिथल्या मालकिणीने त्यांना स्पॅगेटी भोपळ्याचं बी दिलं. "भाजून काट्याने खरवडला की आतून धागे निघतात. दिसायला हुबेहूब स्पॅगेटी."

"आणि चवीला?"

"चव सॉसची लागते," मालकीण म्हणाली. हेडक्लार्कांना ही स्तुती वाटली.

त्याच संध्याकाळी फ्रिजच्या दारावर परिपत्रक लागलं : 'आजपासून या घरात भोपळ्यास पास्ता म्हणावे. पास्त्यास काहीही म्हणू नये.'

वेल गॅलरीत फोफावला. फुलं आली एकशे बारा. पैकी नर एकशे नऊ. (कार्यालयातही साधारण हेच प्रमाण होतं, आणि तिथेही निष्पत्ती बेताचीच होती.) चौथ्या मजल्यावर मधमाश्या फिरकेनात. तेव्हा हेडक्लार्क रोज पहाटे आपला दाढीचा ब्रश घेऊन या फुलातले पराग त्या फुलात नेऊ लागले. समोरच्या गॅलरीतून शिंपीणबाईंनी विचारलं, "भाऊ, काय चाललंय?"

"लग्न लावतोय," ते गंभीरपणे म्हणाले. त्यानंतर शिंपीणबाई पहाटे पडदा ओढून घेऊ लागल्या.

तीन महिन्यांनी एक भोपळा पिकला. एकच, पण पिवळाधमक. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात. हा फुटायचं नाव घेईना. सुरी आत गेली ती गेलीच. शेवटी तळमजल्यावरच्या सुतारांना करवत घेऊन बोलावलं. त्यांनी भोपळ्यावर टकटक केलं आणि आदराने विचारलं, "लाकूड कुठलं?"

रविवारी ओव्हनमधून भोपळा निघाला. खरवडल्यावर खरोखरच धागे सुटले. हेडक्लार्कांचे डोळे पाणावले. वर सॉस पडला, चीज पडलं, भोपळा लपेपर्यंत आणखी चीज पडलं. बायकोने घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "अगदी पास्त्यासारखंच हो!" तीन महिने पाणी घालणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहून तिला दुसरं काही सुचलं नसावं. स्वतः हेडक्लार्कही "तसंच!" म्हणाले. घशाला ते पटलं नाही, पण घशाला विचारतो कोण?

सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांच्यावर वातावरणाचा परिणाम होत नसे. त्यांनी बशी पुसून स्वच्छ केली आणि म्हणाल्या, "जावईबापू, भोपळा छान झालाय. आता पास्ता आणा."

त्या आठवड्यात हेडक्लार्कांचं कामात लक्ष लागेना. गुरुवारी दुपारी, 'केवळ तुलनात्मक अभ्यासासाठी', ते दोन गल्ल्या पलीकडच्या खाणावळीत शिरले. खिडकीपाशी एक बाई डोळे मिटून पास्ता खात होती. इतकं सुखात त्यांनी कित्येक दिवसांत कोणाला पाहिलं नव्हतं! मग लक्षात आलं, ही आपलीच बायको.

तिने डोळे उघडले. हनुवटीवर सॉस होता.

"मी नुसती तुलना करायला आले होते," ती म्हणाली.

"मीही."

"रागावलात?"

"छे! मला वाटलं, तुला भोपळा खरंच आवडला. त्याचीच जास्त भीती वाटत होती."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग त्यांनी एकच बशी मागवून निम्मी-निम्मी खाल्ली. डॉक्टरांनी 'पास्ता बंद' म्हटलं होतं, अर्ध्या पास्त्याबद्दल त्यांचं मत उपलब्ध नव्हतं.

"दोघं एकदम म्हणजे नवलच," खाणावळवाला पाणी ठेवत म्हणाला. "नाहीतर पथ्यावरची माणसं इथे एकेकटी येतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात."

हेडक्लार्कांनी मान वळवून पाहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावर खरंच कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, मान खाली घालून, भराभरा. हेडक्लार्कांनी पाठीवरून तुम्हाला बरोब्बर ओळखलं. पण माणूस भला. हाक मारली नाही. तुमचं चालू द्या.