वजीर मेला का?

गिधाड आणि सरकार यांच्यात एक थोर गुण सारखा आहे : दोघंही घाई करत नाहीत. समोरचा पुरता गार झाल्याची खात्री पटल्याशिवाय दोघांपैकी कोणीही खाली उतरत नाही. अडाणी लोक याला उशीर म्हणतात. मी केनवडच्या शाळेत मास्तर असल्यामुळे याला शिस्त म्हणतो.

सन पंचावन्नच्या उन्हाळ्यात हे दोन्ही शिस्तप्रिय घटक आमच्या टेकडीवर एकत्र आले, तो इतिहास नोंदवून ठेवणं माझं कर्तव्य आहे. नागपूरच्या एका बड्या साहेबांना रानपाखरांचे फोटो काढण्याचा छंद होता. (त्यांचं नाव सांगत नाही. ते आता पेन्शनीत निघालेत आणि रागवायला त्यांच्याकडं भरपूर वेळ आहे.) बुलबुल, हुदहुद, खंड्या, कापशी घार एवढे पक्षी त्यांनी टिपले होते, आणि एका मोरघारीची नुसती पाठ. सर्पगरुड त्यांना दोनदा दिसला होता, पण दोन्ही वेळा गरुडालाच साहेब आधी दिसले. आता नागपुरात फोटोंचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यासाठी साहेबांना गिधाड हवं होतं. उडतं नको, जमिनीवर उतरून जेवायला बसलेलं हवं होतं.

गिधाडाला जेवायला बोलवायचं तर पान मांडावं लागतं. त्यासाठी गावात समिती झाली. उकंडराव पाटील अध्यक्ष, जगदेव पटवारी सदस्य आणि मी चिटणीस. गावाला नाल्यावर पूल हवा होता आणि पाटलांना बंदुकीचं लायसन. साहेबांना द्यायच्या अर्जात दोन्ही मागण्या होत्या. (लायसन आधी लिहिलं होतं, कारण अर्ज अध्यक्षांच्या सहीनं जायचा होता.)

साहेबांच्या अटी सोप्या होत्या. ढोर मोठं असावं. ते टेकडीच्या सपाटीवर, पूर्वेकडं तोंड करून मरावं, म्हणजे सकाळचं ऊन बरोबर पडतं. रविवारी मरावं, कारण इतर वारी साहेबांना कचेरी असते. आणि सर्वांत मुख्य, ते आपल्या मरणानं मरावं. साहेब कट्टर अहिंसावादी होते. ते रोज मुंग्यांना साखर घालत आणि ही साखर शिपायाला स्वतःच्या घरून आणावी लागे.

समितीनं तातडीनं पंचक्रोशीतली म्हातारी ढोरं पाहायला घेतली. मात्र समिती दारात आली की प्रत्येक मालक आपल्या बैलाला पळवून दाखवायचा. ज्या बैलांना आठवडाभर उठवत नव्हतं, ते त्या दिवशी उड्या मारत होते. इतकी सुदृढ जनावरं आमच्या भागात आहेत हे सरकारला आजवर माहीतच नव्हतं. शेवटी आम्ही वरच्या अंगाला असलेल्या तांड्यावर गेलो. तिथं हिरीबाईचा वजीर दिसला आणि पाटलांच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

वजीर म्हणजे हाडांवर कातडं वाळत घातलेलं. एक डोळा पांढरा, बरगड्या बाहेर, माशी बसली तरी शेपूट हलवायचा कंटाळा. हिरीबाईचा नवरा धरमसिंग दोन वर्षांमागं वारला होता. तिचा हा एक बैल आणि दीर हेमसिंगचा एक, असे दोन जुंपून दोघांची पेरणी व्हायची. वजीर गेला की मिरगात तिचं वावर पडीक राहणार, हे उघड होतं. पण प्रदर्शन त्याहून जवळ आलेलं होतं.

पाटील गोड आवाजात म्हणाले, "हिरीबाई, तुह्या वजीरचं नाव साऱ्या नागपुरात होईन. साहेब फोटू काढून राह्यले त्याचा."

"जित्तेपनी का मेल्यावर?"

"मेल्यावर. म्हंजे आपोआप मेल्यावर. कोनी हात लावनार नाई."

"आन् तो मरून राह्यला, हे तुमाले कोनं सांगतलं?"

"दिसूनच राह्यलं ना बाई."

"दिसते तं तुमचं बी, पाटील. मी काई बोलली का?"

मी इतिवृत्तात याची नोंद 'मोकळी चर्चा झाली' अशी केली. हिरीबाई थोडा वेळ वजीरच्या मानेवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "न्या त्याले टेकडीवर. म्या बी येतो संगं. पन येक सांगतो. आजाऱ्याले पाह्याले कोनी रिकाम्या हातानं येत नसते. जो कोनी 'वजीर मेला का' म्हनून विचाराले येईन, त्यानं येक पेंडी कडबा आनावा. मंग तो पाटील असो का पाटलाचा साहेब."

अट बालिश वाटल्यामुळे समितीनं ती एकमतानं मान्य केली. फोटोच्या सन्मानानं बाई भारावून गेली, असा माझा त्या वेळी समज झाला. (तांड्यात त्या दिवसांत काडीभर चारा नव्हता. ही बाब क्षुल्लक असल्यामुळे मी लिहिली नाही.)

वजीरला टेकडीवर नेऊन पूर्वेकडं तोंड करून बांधलं. पंधरा पावलांवर साहेबांसाठी लपण उभं केलं. लपण म्हणजे आत साहेबानं बसायचं आणि पाखराला वाटायचं की इथं कोणीच नाही. इतर साहेबांना यासाठी कचेरी बांधून मिळते. आमचं लपण पाटलांनी आपल्या खळ्यातल्या पिवळ्याधमक कडब्याचं केलं. बाजूच्या वठलेल्या बेहड्यावर गिधाडंही येऊन बसली. सगळी तयारी झाली. आता फक्त मयताची वाट होती.

पहिल्या रविवारी साहेबांना नागपुरात मंत्र्यांच्या स्वागताला थांबावं लागलं. दुसऱ्या रविवारी त्याच मंत्र्यांना निरोप द्यायला थांबावं लागलं. इकडं गावात एकच विषय झाला. लोक उठले की टेकडीकडं बघायचे. जवळच्या मालेगावच्या बाजाराला जाणारे बैलगाड्या थांबवून वर यायचे. रिसोडचे व्यापारी यायचे, पाहुणे आले की त्यांनाही दाखवायला आणायचे. प्रत्येकजण मान पुढं काढून, आवाजात जमेल तेवढी काळजी आणून विचारायचा, "काय हिरीबाई, गेला का?"

"पेंडी आनली का?" हिरीबाई विचारायची.

न आणणाऱ्याला ती वजीर दिसूच द्यायची नाही, समोर पदर धरून उभी राहायची. आपल्या लोकांचा मोठेपणा असा, की जिवंत बैलाला काडी न घालणारी माणसं मरत्या बैलाच्या दर्शनाला पेंढी घेऊन यायला लागली. कोणी ढेप आणली, कोणी सरकी. एकानं 'शेवटचं गोड' म्हणून गूळ आणला आणि वजीरनं तो त्याच्या बोटांसकट तोंडात घेतला.

परिणाम व्हायचा तो झाला. आठवड्यात वजीर शेपूट हलवायला लागला. दुसऱ्या आठवड्यात तो हुंदडायला लागला. बरगड्या मोजायची सोय राहिली नाही. समितीचा चिटणीस म्हणून मला दुःख झालं. एरवी, खरं सांगतो, बरं वाटलं.

पाटील हादरले. साहेबांची तिसऱ्या रविवारची तार आली होती. गुरुवारी तातडीची सभा भरली. बैलाला औषध घालावं, असं पाटलांच्या मनात आलं, पण ती हिंसा झाली असती. तेव्हा जगदेव पटवाऱ्यानं कायदेशीर तोड काढली. चारा बंद करावा. उपाशी मरणं ही आपल्या भागात नैसर्गिक मरणाचीच जुनी रीत आहे आणि तिला सरकारनं आजवर कधी हरकत घेतलेली नाही. साहेबांना विचारलं, तर त्यांनी अहिंसेला शोभेल असं उत्तर पाठवलं : 'मला काही कळवू नका.'

टेकडीच्या पायथ्याला पाटलांचे दोन गडी बसले. पेंढ्या खालीच अडवल्या गेल्या. हिरीबाई त्यांच्या अंगावर धावून गेली, रडली, पाटलांच्या दारात जाऊन तिनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिला फक्त पाण्याची घागर वर न्यायची परवानगी मिळाली. (पाणी नैसर्गिक समजण्यात आलं.) तीन दिवस वजीर हंबरत होता आणि आम्ही खिडक्या लावून घेत होतो.

रविवारी उजाडायच्या आधी साहेब लपणात शिरले. कॅमेरा तीन पायांवर उभा, पुढं लांब नळीसारखं भिंग, आणि बटणाची दोरी साहेबांच्या मुठीत. हुकूम कडक होता : मी बोलावल्याशिवाय कोणीही जागचं हलायचं नाही. आम्ही तिघं दूर एका खडकामागं पालथे पडलो. हिरीबाईला त्याहून मागं बसवलं होतं. फोटोचा दिवस म्हणून ती आरशांची ओढणी घेऊन आली होती. बाजूला घागर आणि काठी. 

ऊन चढलं. वजीर मरेना. त्यानं एकदा गिधाडांकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं पाहिलं आणि मग त्याला लपणाचा वास आला. तीन दिवसांचा उपाशी बैल आणि पंधरा पावलांवर पाटलांच्या खळ्यातला कडबा! त्यानं एक हिसडा दिला, दावं तुटलं आणि त्यानं सरकारी लपण खायला घेतलं.

आतून दबका आवाज आला, "हाट्... हाट् रे..."

"साहेब बोलावून राह्यले का?" पाटील कुजबुजले.

"बैलाले बोलून राह्यले," पटवारी म्हणाला. "आपल्याले हुकूम नाई."

आम्ही हुकमाचे बंदे. वजीरनं आधी डावी भिंत खाल्ली, मग छप्पर ओढत आपल्या जुन्या जागी नेलं. वैशाखाच्या उन्हात साहेब उघडे पडले. डोक्यावर रुमाल, मान पुढं काढलेली. ते ओरडायला उभे राहिले, मुठीतल्या दोरीसकट दोनदा हेलपाटत कॅमेऱ्यापुढं आले आणि पूर्वेकडं तोंड करून आडवे झाले. अट अशी शंभर टक्के पाळली गेली, पण भलत्यानंच पाळली.

गिधाडांनी बैलाकडं पाहिलं. मग साहेबांकडं पाहिलं. तिसरा रविवार होता, त्यांनाही संसार आहे. गिधाडाला हुद्दा कळत नाही. एक उतरलं, मग दुसरं, मग पाच-सहा मिळून थबकत थबकत साहेबांच्या बुटांपाशी आली.

"आता कसं करावं?" पाटलांनी विचारलं.

"बोलावल्याबिगर हलाचं नाई," पटवारी म्हणाला. मीही हललो नाही. नोकरीत बढतीचं वर्ष होतं.

हिरीबाई मात्र समितीवर नव्हती. आमच्या पाठीवरून उडी टाकून ती काठी उगारत धावली. "हाड् मेल्याहो! जित्ता हाये तो, जित्ता हाये!" ओढणीचे आरसे उन्हात लखलखले, गिधाडं फडफडत उठली, साहेब दचकले आणि त्यांची मूठ आवळली. कॅमेरा खटकन वाजला.

तिनं घागर साहेबांच्या तोंडावर ओतली. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घातला. साहेबांनी हळूहळू डोळे उघडले आणि पहिला शब्द काढला :

"मेला का?"

"पेंडी कुठी हाये?" हिरीबाई म्हणाली.

तो फोटो प्रदर्शनात पहिला आला. मूळ फोटोत वर गिधाडाचे पसरलेले पंख, मधे काठी उगारलेली हिरीबाई, मागं चघळणारा वजीर आणि खाली साहेबांचे बूट होते. साहेबांनी पंख ठेवले, बाकीचं कापलं. पाटलांना लायसन मिळालं. पुलाचा विचार चालू आहे.

आता तुमच्या ओठांवर प्रश्न आलाच असेल. मास्तर, ते सगळं ठीक, पण वजीरचं काय झालं? लाजू नका. तांड्यापासून पाहतोय मी तुम्हाला. चारा बंद झाला तेव्हा तुम्ही वाचायचं थांबला नाहीत, उलट जरा पुढंच सरकलात. आताही मान पुढं आहे.

विचारायला हरकत नाही. केनवडहून वर तांड्याचा रस्ता आहे, कोणीही दाखवेल. फक्त रिकाम्या हातानं जाऊ नका.