अस्वलाचा चष्मा आणि राखीव हक्क

"नवा फोन म्हणतोय, हे यंत्र अधिकृत नाही," आजोबांनी वाचून दाखवलं.

"फोन आपला, गोष्ट आपली, घर आपलं. मग अनधिकृत कोण? मी?" आजी म्हणाल्या.

तीन वाजता सुनेची नोकरीसाठी मुलाखत होती. आतल्या खोलीत, लॅपटॉपवर. चिमीच्या जन्मानंतर आलेली ही पहिली चांगली संधी. आणि तीन वर्षांची चिमी दुपारी झोपायची ती एकाच गोष्टीवर, 'अस्वलाचा चष्मा हरवला'. कुणीतरी जाड आवाजाचे काका ती सांगायचे. आजींनी ती एका कंपनीच्या ॲपवर रीतसर विकत घेतली होती. पण काल आजोबांच्या हातून जुना फोन बादलीत पडला आणि चिमीची झोप चुकली. संध्याकाळपर्यंत तिने सगळ्या सोफ्याला टूथपेस्ट फासली होती.

मुलाने रात्री गोष्ट नव्या फोनवर आणून दिली होती. नाव दिसत होतं, अस्वलाचं चित्रही दिसत होतं. अस्वल मात्र तोंड उघडायला तयार नव्हतं.

आजींनी कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळाने एक मुलगी बोलली.

"आजी, तुम्ही गोष्ट विकत नाही घेतलेली. ऐकायची परवानगी घेतलीय. तीसुद्धा त्या जुन्या फोनपुरती."

"अगं, मी 'खरेदी करा' असं लिहिलेलं बटण दाबलं होतं. 'परवानगी मागा' असं कुठे होतं?"

"ते अटींमध्ये असतं, आजी."

"त्या अटी तू वाचल्यास का?"

मुलगी घाईघाईने म्हणाली, "जुन्या फोनवर जाऊन 'हो' दाबा. मग नव्यावर चालेल."

आजींना माहेरची गाण्याची तबकडी आठवली. धाकटा भाऊ तिच्यावर बसला आणि तिला कडेपर्यंत चीर गेली. तरी ती पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक फेऱ्याला 'टक्' करत गातच राहिली. शेजारणी घेऊन जायच्या, त्यांच्या घरीही गायची. तू कुणाची, इथे कशी, असं तिला कुठल्याच सुईने विचारलं नाही.

"अहो, पिशवी द्या. मी दुरुस्तीवाल्याकडे जातेय."

"अगं, ऊन किती आहे! दुसरी एखादी गोष्ट लावू की."

"काल सोफा कोणी पुसला?"

आजोबांनी निमूटपणे पिशवी दिली.

दुरुस्तीवाल्याने फोन उघडला, वाळवला, कसलीशी पट्टी बदलली आणि फोनने डोळे उघडले. आजींनी लगेच 'हो' दाबलं. फोन म्हणाला, आधी ॲप नवीन करून घ्या. घेतलं. मग फोन म्हणाला, हे नवीन ॲप इतक्या जुन्या फोनवर चालत नाही.

"मावशी, माझ्याकडे सशाची गोष्ट आहे. फुकट देतो," दुरुस्तीवाला हळहळून म्हणाला.

"ससा आमच्याकडे चालत नाही रे बाबा," म्हणत आजी ताडताड घरी निघाल्या.

घरी पोचल्या तेव्हा आतलं दार बंद झालेलं होतं. चिमी गादीवर उभी होती.

"काका लाव!"

"आज काका नाहीत. मी सांगते. एका जंगलात एक अस्वल होतं..."

"असं नाही! काका आधी वेगळं म्हणतो!" चिमीने भोकाड पसरायची तयारी केली. आतून सुनेचा आवाज आला, "हो सर, दडपणाखालीही मी अगदी शांत असते."

आजींनी आजोबांकडे पाहिलं. रोज दुपारी नातीशेजारी लवंडणारे आजोबा उठून बसले, घसा खाकरला आणि जाड आवाजात सुरू झाले, "या ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क राखीव आहेत. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय याचा कोणताही भाग कोणत्याही स्वरूपात..."

चिमी आडवी झाली. 'स्वरूपात'ला अंगठा तोंडात गेला. 'कायदेशीर कारवाई'ला डोळे मिटले. अस्वलाची पाळी आलीच नाही.

चार वाजता सून बाहेर आली ती हसतच. "आई, मिळाली! सोमवारपासून या म्हणाले." तिने आजींना मिठी मारली. मग झोपलेल्या चिमीकडे बघत तिने सहज विचारलं, "शेवटी त्या अस्वलाला चष्मा सापडतो का हो?"

आजींनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं. हक्क राखीव झाले की रोज चिमी झोपायची, तिच्यापाठोपाठ आजोबा झोपायचे आणि आजी फोन बंद करून भांडी आवरायला जायच्या.

आजींनी पदर खोचला आणि पुन्हा फोन लावला.

"मीच गं, सकाळची. परवानगी राहू दे तुमच्याकडे. चष्मा सापडला का, तेवढंच सांग."

"थांबा हं आजी, इथे लावून बघते," मुलगी म्हणाली. बराच वेळ नुसती बटणं वाजली. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"आजी... माझं यंत्रही अधिकृत नाही म्हणतंय."