कुमुदताईंना मुलगी हवी

आमराई सोसायटीच्या झाडांवर, माणसांशेजारी राहणाऱ्या पॉसम मंडळींत, म्हणजे पोटाच्या पिशवीत पोर वाढवणाऱ्या त्या झुबकेदार शेपटीच्या कुटुंबांत, मुलगा की मुलगी हे झाडावरच्या रिकाम्या ढोल्या पाहून ठरे: जवळ ढोली मोकळी असली तर मुलगी, नसली तर मुलगा. आणि यंदा कुमुदताईंना मुलगीच हवी होती.

दरवर्षी मुलगा झाला की अख्खी सोसायटी अभिनंदनाला लोटायची आणि कुमुदताई शेपटीत तोंड लपवून रडायच्या. शेवटी त्यांनी सेक्रेटरी बेडकिहाळ्यांची बेल वाजवली.

"भाऊ, मुलगे मिसरूड फुटलं की लांब निघून जातात. मुलगी आईच्या शेजारच्या ढोलीत संसार थाटते. पण शेजारची ढोली सोसायटीनं अडवलीय. मुलगी झाली तर ठेवू कुठं?"

ते खरंच होतं. त्या ढोलीत गणपतीच्या लायटिंगच्या माळा, भोंगा आणि कॅरम असे. बेडकिहाळ्यांनी रीतसर सभा बोलावली.

गवंडीकाकूंना विषयच पटेना. "अहो, मुलगे होतायत तर होऊ द्या की! लोक त्यासाठी नवस बोलतात."

"त्यांचे मुलगे जवळ राहत असतील," कुमुदताई म्हणाल्या. "माझ्याजवळ एकही नाही."

मग खजिनदारांनी तांत्रिक मुद्दा काढला: सामान हलवायचं कुठं? जो तो पंख्याकडे बघू लागला.

"आमच्या निनादच्या खोलीत ठेवा," बेडकिहाळ्यांच्या पत्नी शरयूवहिनी मागून म्हणाल्या. "तो काही ऑस्ट्रेलियातून परत येत नाही."

त्या खोलीतली चादर बेडकिहाळे अजून दर रविवारी स्वतः बदलत. पण सभेत सेक्रेटरी बाप नसतो. त्यांनी ठराव मताला टाकला आणि तो एकमतानं मंजूर झाला.

ढोली झाडून दिली. कुमुदताईंनी आत शेपटी फिरवून पाहिली, "एकीपुरती झाली," म्हणाल्या, आणि त्यांना मुलगी झाली. सोसायटीत जिलबी वाटली. मधुमेह असून बेडकिहाळ्यांनी दोनदा घेतली.

पोर जरा मोठी झाल्यावर कुमुदताई तिला दाखवायला निनादच्या खोलीच्या खिडकीशी आल्या. पिशवीतून गुलाबी नाक बाहेर आलं, आणि बेडकिहाळ्यांना इतका आनंद झाला की चष्मा पुसावा लागला. कुमुदताई मात्र आत बघत होत्या.

"भाऊ, ही खोली रिकामी?"

"कॅरम वगैरे आहे. बाकी रिकामीच."

"मग पुढचीही मुलगीच होईल."

बेडकिहाळे शरयूवहिनींना विचारायला वळले, तर त्या खिडकीची जाळी काढायला पेचकस शोधत होत्या.