रुसवा फाट्याची राणी

"चला, रुसवा फाटा. उतरा पटपट, नाही तं फुलसावंगीले नेतो." कंडक्टर हबीबभाईंची ही हाक उर्वशीने लहानपणी इतक्यांदा ऐकली होती, की या नावात काही विचारण्यासारखं आहे हे तिच्या मनातही आलं नाही. आता ती गावच्या शाळेत शिक्षिका होती. ग्रामपंचायतीने फाट्यावर कमान बांधली आणि कमानीवर फाट्याच्या नावाचा इतिहास लिहून द्यायचं काम उर्वशीवर आलं.

तिने आधी आजोबांना, गोविंदरावांना, विचारलं. त्यांनी तिथल्या तिथे एक राणी रुसवली. राणी राजावर रुसून फाट्यावरच्या कडुलिंबाखाली सात दिवस बसली. आठव्या दिवशी राजा पालखी घेऊन आला. कोणता राजा, असं उर्वशीने विचारलं.

"जुना होता," आजोबा म्हणाले.

पेंटरने मजकूर रंगवला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी कडुलिंबाला शेंदूर लावला. मग महागावच्या एकाने माहेरी जाऊन बसलेली बायको परत यावी म्हणून राणीला हिरवी साडी वाहिली, आणि बायको खरंच आली. आठवड्याभरात तिथे नारळाचं दुकान लागलं. कमानीच्या उद्घाटनाला राणीची पहिली ओटी इतिहास सांगणाऱ्याच्या घरच्या सुवासिनीने भरावी, असं सर्वानुमते ठरलं. ती सुवासिनी म्हणजे उर्वशीची आजी, जयाबाई.

जयाबाई ताट घेऊन झाडापर्यंत गेल्या आणि ताट खाली ठेवून उभ्या राहिल्या.

"कायची राणी? इथं हे रुसून बसले होते. माह्या लग्नाच्या दिवशी."

पाहुणे म्हणून बोलावलेले हबीबभाई खुर्चीत बसून सावकाश मान डोलवू लागले. वरातीच्या मागे त्यांची गाडी अडीच तास उभी होती. नवरदेवाने रुसावं ही रीतच. सासऱ्याने दिलेल्या एका घड्याळावर तो उठतो. हा नवरदेव घड्याळावर उठला नाही, सायकलीवर उठला नाही, रेडिओवरही नाही. सनईचा दम संपला, अंगावरची हळद उन्हात वाळून गेली. शेवटी जयाबाईंच्या वडिलांनी दावणीची दुभती म्हैस आणून बांधली, तेव्हा नवरदेव उठला. दुसऱ्या दिवशी हबीबभाईंनी थांब्याला हे नाव दिलं.

"पंचेचाळीस वर्षं झाली," जयाबाई म्हणाल्या. "ती म्हैस माही होती. मी एकदाबी बोलली नाही. आता ओटीबी मीच भरू?"

पेंटर ब्रश घेऊन पुढे आला आणि नेमकं काय पुसायचं, ते त्याने उर्वशीला हळूच विचारलं. गोविंदरावांनी त्याला हातानेच थांबवलं. ते जयाबाईंजवळ गेले.

"रुसलो नव्हतो मी. नवे बूट चावून राह्यले होते. पाय सुजले, बूट निघतबी नव्हते. म्हनून बसलो."

"अन् म्हैस?"

"मी नाही म्हनत गेलो, ते वाढवत गेले. म्हशीनंतर बैलजोडीच राह्यली होती. म्हनून उठलो, तसाच लंगडत."

जयाबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"मंग तवाच सांगाचं ना. कायले गप राह्यले?"

"बूट तुह्या बाबानं आनले होते," गोविंदराव म्हणाले. "यवतमाळले जाऊन, हौसेनं. वऱ्हाडासमोर त्याईले कसं सांगू, लहान झाले म्हनून?"