दौलतराव सांबराचे नऊ टक्के

एका जंगलात, कारवी फुलून गेली त्याच्या तिसऱ्या वर्षी, वैशाखाच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाण्याचा एकच डोह शिल्लक राहिला. मुलांनो, साल आणि महिना मुद्दाम सांगितला आहे. असे कधी घडलेच नाही, असे नंतर कोणी म्हणायला नको.

डोहाकडे जायला दोन वाटा होत्या. एक कड्यावरची. तिथे दगडावरून दगडावर उड्या मारत खाली उतरावे लागे. दुसरी उताराची, मऊ मातीची. पण ती अरुंद होती. रोज तिच्यावर रेटारेटी होई. धट्टेकट्टे पुढे घुसत. म्हातारे आणि लंगडे मागे राहत आणि कोरड्या तोंडाने परत जात.

वाघमहाराज दयाळू होते. जेवण झाले की ते फारच दयाळू होत. एका दुपारी असेच पोटभर जेवल्यावर त्यांनी दोन हुकूम काढले. पहिला असा, की आजपासून कोणाला लंगडा म्हणायचे नाही, 'विशेष चालीचा' म्हणायचे. दुसरा असा, की उताराची वाट फक्त विशेष चालीच्या प्राण्यांसाठी राहील. मात्र कोणाची चाल किती विशेष, ते डॉक्टर तपासून ठरवतील. चाळीस टक्के भरले, तर पळसाच्या पानावर तसा शिक्का मिळेल. पान दाखवा आणि खाली जा.

पहिला हुकूम त्याच दिवशी अमलात आला. त्याला काही लागत नव्हते. दुसऱ्यासाठी मंडळ नेमावे लागले.

मंडळात तिघे होते. बगळे डॉक्टर अध्यक्ष. ते हाडांचे जाणकार. दिवसभर एका पायावर उभे राहून ते विचार करत. धामणबाई कण्याच्या डॉक्टर, कारण त्या स्वतः बहुतेक कणाच होत्या. तिसरे घुबड डॉक्टर, डोळ्यांचे. मंडळ भरदुपारी बसे, त्यामुळे ते झोपलेले असत. झोपेत त्यांची मान हलली की तो होकार धरला जाई.

हे मंडळ टेकडीच्या अगदी माथ्यावर बसे. तिथे वारा चांगला होता.

आता दौलतरावांकडे येऊ. दौलतराव म्हणजे एक मोठे सांबर. वय झालेले, पण शिंगे अशी की बघणाऱ्याने वाट सोडावी. मागच्या वर्षीच्या वणव्यात त्यांचा मागचा उजवा पाय मोडला होता. तो बसला तो वाकडाच बसला. पण सांबराने चारचौघांत लंगडू नये, असे त्यांचे वडील सांगत. म्हणून दौलतराव झाडाआड लंगडत. कोणी दिसले की ताठ चालत. रात्री पाय ठणके. तेव्हा ते उन्हाळ्याला शिव्या देत.

वैशाख लागला आणि कड्यावरून उतरताना ते दोनदा घसरले. दुसऱ्यांदा तर मरता मरता वाचले. त्यांची बायको तानूबाई म्हणाली की जा आणि ते पान घेऊन या.

"मी लंगडा आहे असं परक्यांपुढे जाऊन सांगू?" दौलतराव म्हणाले.

"लंगडा म्हणायचंच नाही. हुकूम आहे. नुसते चालून दाखवा."

दौलतराव दोन दिवस झाडाआडच लंगडत राहिले. तिसऱ्या दिवशी निघाले. त्यांच्याबरोबर गुणाजी निघाला.

गुणाजी तरस होता. सांबराची आणि तरसाची मैत्री कशी, असे तुम्ही विचाराल. तर त्या वणव्यात गुणाजीच्या बिळाच्या तोंडाशी जळते खोड आडवे पडले होते. आत गुणाजी होता आणि त्याची पिल्ले होती. सगळे जंगल पळत होते. दौलतराव थांबले. शिंगांनी त्यांनी ते खोड उलथले. गुणाजीची पिल्ले बाहेर आली आणि खोड दौलतरावांच्या पायावर गेले. तेव्हापासून गुणाजी त्यांच्या मागेमागे असे. एवढेच म्हणे की तुमचे देणे माझ्या डोक्यावर आहे.

तानूबाईला हे पटत नसे. निघतानाही तिने नवऱ्याला बाजूला घेतले.

"तो तरस तुमच्या मागं का फिरतो, कळतं का? तुम्ही पडायची वाट बघतोय."

"पडलो तर कोणीतरी खाणारच," दौलतराव म्हणाले. "हा निदान ओळखीचा आहे."

टेकडी चढता चढता सकाळची भर दुपार झाली. गुणाजीने चार वेळा खांदा पुढे केला. दौलतरावांनी तो घेतला नाही. माथ्याखालच्या झुडपाआड ते जरा बसले, धाप जाऊ दिली, आणि मंडळापुढे गेले ते मिरवणुकीत चालावे तसे गेले.

बगळे डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, की इथवर कसे आलात. दौलतराव म्हणाले की चालत. बगळे डॉक्टरांनी धामणबाईंकडे पाहिले. टेकडी चढून येणाऱ्याला चालता येते, हे उघडच होते. जे चढू शकले नव्हते, त्यांच्या नावापुढे मंडळाने बसल्याबसल्याच गैरहजर लिहिले होते.

मग पाय तपासला. बगळे डॉक्टरांनी चोचीने दोनदा ठोकून पाहिले.

"हा एक वाकडा आहे," ते म्हणाले. "बाकी किती?"

"तीन."

"मी जन्मभर एका पायावर उभा आहे. तुमच्याकडे तीन चांगले आहेत. म्हणजे दोन जास्तच झाले."

धामणबाई म्हणाल्या की त्यांना एकही पाय नाही. आजवर त्यांचे काही अडले नाही. पाय ही मनाची सवय आहे. घुबड डॉक्टरांची मान हलली.

शेवटचा प्रश्न राहिला. वाघ मागे लागला तर पळाल का?

दौलतरावांची मान आणखी ताठ झाली. "पळेन," ते म्हणाले.

"मग झालं तर," बगळे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पानावर नऊ टक्के लिहिले. फेरतपासणी हवी असेल, तर पावसाळ्यानंतर यायला सांगितले. पावसाळ्यानंतर जंगलात जिकडेतिकडे पाणी असते, हे मंडळाला ठाऊक होते. त्यामुळे तेव्हा गर्दी कमी असते.

एवढ्यात झुडपाआड थांबलेला गुणाजी पुढे आला. दौलतरावांना उशीर का झाला, ते बघायला तो आला होता. मुलांनो, तरसाचे पुढचे पाय उंच असतात आणि मागचे ठेंगणे. पाठ उतरती. मान खाली. चाल अशी की जन्मभर कोणीतरी मागून ओढते आहे. गुणाजी तसाच चार पावले चालला.

बगळे डॉक्टरांनी दुसरा पाय खाली टेकला. इतके ते हळहळले.

"कणा गेला बिचाऱ्याचा," धामणबाई म्हणाल्या.

गुणाजीने सांगितले की त्याला काही झालेले नाही, तो नुसता सोबत आला आहे. रुग्णाला आपले दुःख कळत नाही, अशी नोंद झाली. मग तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आमच्यात सगळे असेच चालतात. बाप, आजा, सगळे."

"म्हणजे घराण्यातच आहे," बगळे डॉक्टर म्हणाले. "दहा वाढवा."

गुणाजीला हसू फुटले. तरसाचे हसणे तुम्ही ऐकले नसेल, तर बरे आहे. धामणबाईंनी डोक्यावरही परिणाम झाल्याचे पाच टक्के घातले. घुबड डॉक्टरांची मान दोनदा हलली. गुणाजीच्या हातात पान आले. बासष्ट टक्के.

उतरताना गुणाजी मान वर करत नव्हता. दौलतराव मात्र खुशीत होते. घरी येताच त्यांनी तिथली सगळी हकीकत सांगितली आणि तानूबाईपुढे आपले पान ठेवले.

"फक्त नऊ. मोठमोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. एक्याण्णव टक्के मी जसाच्या तसा आहे."

तानूबाईने पानाकडे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले.

"पळेन म्हणालात ना?"

"म्हणालो."

"वाघ मागं लागला तर मेलेलाही पळेल. कड्यावरून उतरेन, असं म्हणालात का? तेही म्हणायचं होतं." तिने पान त्यांच्या पुढे सारले. "आता हे चाटा. तहान भागते का बघा."

दुसऱ्या दिवशी दौलतराव कड्यापर्यंत गेले आणि परत आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी कड्यापर्यंतही जाता आले नाही. अर्ध्या वाटेत ते साळईच्या झाडाखाली बसले. जीभ टाळ्याला चिकटली होती. तानूबाई पहाटे आवळीची पाने तोडून आणी. त्यात ओल होती, पाणी नव्हते. आता ती टोमणेही मारत नव्हती. तिचे टोमणे थांबले, तेव्हा दौलतरावांना पहिल्यांदा भीती वाटली.

गुणाजीने हे पाहिले. तो आपले पान घेऊन उताराच्या नाक्यावर गेला. नाक्यावर सायाळ बसे. सगळे काटे उभे करून बसे, म्हणजे काम चालू आहे असे दिसे. गुणाजीने तिला सांगितले की हे पान चुकून मला मिळाले आहे, ते सांबराला लागू करा. सायाळ म्हणाली की पान ज्याचे त्यालाच. चूक असेल, तर ती शिक्क्याची आहे. शिक्का महाराजांचा आहे. ही चूक आहे असे म्हणायचे असेल, तर त्यांना जाऊन सांग.

गुणाजी परत फिरला. सायाळ मागून ओरडली की तुला स्वतःलाही एकट्याला जाता येणार नाही. साठ टक्क्यांच्या वर असलेल्याबरोबर एक सोबती लागतो, हात धरायला. तोही धडधाकट. दहा टक्क्यांच्या आतले पान असलेला.

गुणाजी जागीच थांबला. त्याला हसू येत होते. त्याने ते दाबले. हसण्याचे आणखी पाच टक्के त्याला नको होते.

तो सरळ साळईखाली गेला. तानूबाई उभीच राहिली, शिंगे नसताना शिंगे उगारल्यासारखी.

"दौलतराव, माझ्यावर एक उपकार करा," गुणाजी म्हणाला. "मला उतारावरून एकट्याला सोडत नाहीत. धडधाकट सोबती आण म्हणतात, दाखल्यासकट. साऱ्या जंगलात असा दाखला तुमच्याकडेच आहे. बाकीचे धडधाकट तपासायला गेलेच नाहीत."

दौलतरावांनी मान ताठ केली. मग ते उठायला लागले. दुसऱ्या खेपेला उठले.

"अडलेल्याला मदत करायलाच हवी," ते म्हणाले.

तानूबाईने तोंड दुसरीकडे फिरवले. तिकडे बघतच म्हणाली, "भावजी, सावकाश न्या." मग म्हणाली, "म्हणजे, सावकाश जा त्यांच्याबरोबर."

नाक्यावर सायाळीने दोन्ही पाने उलटसुलट पाहिली.

"धडधाकट कोण?"

"मी," दौलतराव म्हणाले.

तिने काटे पाडून वाट दिली. धडधाकटाने विशेष चालीच्याला नीट धरावे, एवढे बजावले. तो पडला तर जाब तुम्हाला विचारू, असेही म्हणाली. त्याप्रमाणे दौलतरावांनी गुणाजीला धरले. म्हणजे आपले सगळे वजन त्याच्यावर टाकले. गुणाजीची उतरती पाठ त्या उताराला बरोबर बेतली होती. एक पाऊल, मग थांबा. मग दुसरे. झाडाआडचे लंगडणे पहिल्यांदाच दिवसाउजेडी खाली चालले होते.

डोहात बगळे डॉक्टर एका पायावर उभे होते. शेजारच्या दगडावर धामणबाई ऊन खात होत्या. दोघांनी ती जोडी उतरताना पाहिली.

"बघा," बगळे डॉक्टर गहिवरून म्हणाले. "स्वतः इतका धडधाकट. पण त्या बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या जोडीनं लंगडतोय."

दौलतराव पाण्याशी पोहोचले. गुडघे टेकले. शिंगे बुडेपर्यंत तोंड खाली घातले आणि प्याले. गुणाजी पाण्याला तोंड न लावता शेजारी उभा राहिला. वर नाक्यावरून तानूबाई बघत होती.

बऱ्याच वेळाने दौलतरावांनी मान वर केली. शिंगांवरून पाणी गळत होते.

"गुणाजी," ते म्हणाले. "वणव्याचं देणं फिटलं."

तात्पर्य : ज्याचा पाय मोडला असेल त्याने आपण धडधाकट असल्याचा दाखला आधी काढून ठेवावा. लंगड्याचा दाखला धडधाकटाला मागावा लागत नाही.